धोंडा काढावा

नूरलिडेनच्या नगरपालिकेत जागा कधीच संपत नसे. संपत आल्याची सूचना तेवढी येई, आणि ती आली की गुनेल तिची दखल घेई.

म्हणजे तसं बटणच होतं. कॉफीच्या खोलीतल्या भिंतीएवढ्या पडद्यावर पालिकेचे सगळे सर्व्हर ओळीनं मांडलेले, आणि प्रत्येकापुढे त्याची डिस्क किती भरली ते दाखवणारा पट्टा. भरत आली की पट्टा पिवळा, गळ्याशी आली की लाल. लाल झाला की एक बारीक, केविलवाणा सूर लागायचा, दाराबाहेर राहिलेलं मांजर काढतं तसला. त्याच्याखाली बटण होतं: ‘दखल घेतली’. ते दाबलं की सूर बंद. डिस्क होती तेवढीच भरलेली राहायची, पण आता तिची दखल घेतलेली असायची. पालिकेच्या एकूण कारभाराशी हे इतकं मिळतंजुळतं होतं, की हे यंत्र बाहेरून विकत आणलंय हे नव्या माणसाला पटवून द्यावं लागे.

गुनेल साठीला टेकलेली, लांबोडक्या हातापायांची बाई. हे सर्व्हर तिनं आपले म्हणून सांभाळले होते. दर वर्षी ती नव्या डिस्कांची मागणी करायची, आणि दर वर्षी तिचा साहेब येस्पर ती मागणी मनापासून ऐकायचा. येस्पर चांगला माणूस होता. स्वीडनमध्ये साहेब वाईट असून चालत नाही. तिथं शिपायापासून नगराध्यक्षापर्यंत सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, त्यामुळे भांडायचं झालं तर खाली उतरायला पायरीच उरत नाही.

“गुनेल, मला तुझी काळजी कळते गं,” येस्पर म्हणायचा. “पण मला सांग, पट्टा ऐंशी टक्क्यांनाच पिवळा का होतो?”

“कारण ऐंशीला हातात वेळ असतो.”

“तेच म्हणतोय मी. वेळ असताना लोकांना घाबरवायचं कशाला? नव्वदला पिवळा करू.”

त्या वर्षी नव्वदला झाला. पुढच्या वर्षी पंचाण्णवला. डिस्कांसाठी म्हणून जे पैसे बाजूला काढले होते, त्यांतून त्या भरल्याचं दाखवणारा हा पडदा आला. कारण कामात पारदर्शकता हवी, असं वरून ठरलं होतं. आता निदान कॉफी पिता पिता सगळ्यांना दिसायचं.

अशा ठिकाणी शहाण्या माणसाला स्वतःची सोय स्वतःच करावी लागते. गुनेलनं केली होती. रिकामं जहाज कलंडू नये म्हणून तळाशी धोंडे भरतात, आणि वेळ आली की तेच पहिल्यांदा समुद्रात फेकतात. तसं तिनं प्रत्येक डिस्कवर एक भलंथोरलं, आत काहीही नसलेलं ओझं ठेवून दिलं होतं. जागा अडवून बसणं एवढंच त्याचं काम. डिस्क खरोखर तोंडापर्यंत भरली आणि कामं ठप्प व्हायला लागली की ते काढायचं. जरा श्वास मिळतो, तेवढ्यात विचार करता येतो. या धंद्यातली जुनी माणसं जगभर असं करतात आणि साहेबाला सांगत नाहीत.

त्या ओझ्याला नाव हवं होतं. धोंड्याला त्यांच्या भाषेत ‘स्टेन’ म्हणतात. आणि कॉफीच्या टेबलाशी रोज तिच्या समोर बसणाऱ्या माणसाचं नावही स्टेनच होतं. आपल्याकडे जसे धोंडोपंत, तसे तिकडे स्टेन. नाव घेताना दगड कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही.

“माझ्या नावानं ठेवलायस?” स्टेननं तेव्हा विचारलं होतं.

“तुझ्यासारखाच आहे. आत काही नाही, जागा अडवून बसलाय, आणि कधीतरी उपयोगी पडेल अशी आशा आहे.”

“म्हणजे अडचण आली की मला काढणार?”

“पहिला तुलाच.”

स्टेन खूश झाला होता. त्या शरद ऋतूत त्यानं तिला दलदलीतल्या पिवळ्या बोरांच्या मुरंब्याची बरणी आणून दिली. नेहमी एक देतो, तेव्हा दोन दिल्या. उत्तरेकडच्या माणसाचं प्रेम यापुढे जात नाही.

गुनेलनं मग सर्व्हर सांभाळायच्या पुस्तिकेत एक ओळ घातली: ‘जागा पूर्ण संपल्यास स्टेन काढावा.’ आणि रोजच्या रोज सगळ्या डिस्कांची जी नक्कल दुसऱ्या इमारतीत जायची, त्या यंत्रालाही सांगून ठेवलं की स्टेन नावाचं जे काही दिसेल ते वगळ. धोंड्याची नक्कल कोण ठेवतं?

आता खरा स्टेन. स्टेन पालिकेचा झाडांचा माणूस. गावातल्या प्रत्येक सार्वजनिक झाडाला त्यानं कधी ना कधी हात लावलेला. पण जीव होता दफनभूमीच्या रस्त्यावरच्या भूर्जांच्या दुतर्फा रांगेत. शंभरेक वर्षांपूर्वी शाळेतल्या पोरांनी लावलेली ती झाडं. लावणारी बहुतेक पोरं पुढे त्याच रस्त्यानं, झाडांच्या मधून, खांद्यावरून गेली. स्टेन प्रत्येक झाडाचा दर ऋतूत फोटो काढायचा. साल, ढोली, फांद्यांचे सांधे, खोडाला लावलेली मोजपट्टी. आणि सगळं सर्व्हरवर, त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये. तिकडे आडनावानं कुणी कुणाला ओळखत नाही, म्हणून फोल्डरंही पहिल्या नावाची. त्याचं फोल्डर ‘स्टेन’.

हे गुनेलला ठाऊक होतं. ते फोल्डर तिनंच करून दिलं होतं. पण एकाच नावाच्या दोन गोष्टी मनाच्या दोन खणांत असल्या की त्या जन्मात एकमेकींना भेटत नाहीत. धोंडा तिच्या कामाच्या खणात होता, स्टेन कॉफीच्या.

स्टेनकडे त्या फोटोंच्या प्रती घरीही होत्या, दोन जाडजूड डिस्कांवर, मोज्यांच्या खणात. मग वरून सुरक्षिततेचं फर्मान निघालं, की पालिकेची कुठलीही माहिती कुणाच्या घरी राहता कामा नये. गुनेल करड्या रंगाचा खोका घेऊन खोलीखोलीतून फिरली.

स्टेननं दोन्ही डिस्का आणून खोक्यात ठेवल्या, पण हात लगेच काढला नाही.

“सर्व्हरवर आहे ना सगळं?”

“सर्व्हरवर आहे म्हणजे माझ्याकडे आहे.”

“मग ठीक,” तो म्हणाला आणि हात काढला.

खोका त्याच आठवड्यात नियमाप्रमाणे चुरा करायला गेला.

यानंतर गावाचं नशीब उघडलं. एका परदेशी कंपनीला नूरलिडेनची थंडी आवडली. सर्व्हर तापतात, इथली हवा फुकटात थंड. कंपनी गावाबाहेर सर्व्हरांचं प्रचंड कोठार बांधणार होती. जगभरच्या लोकांच्या जेवणाच्या ताटांचे, मांजरांचे, सूर्यास्तांचे फोटो ठेवायला जागा. तिकडे जाणाऱ्या अवजड गाड्यांना मात्र रुंद रस्ता हवा होता, आणि तो दफनभूमीवरूनच जात होता.

भूर्जांच्या रांगेला कायद्याचं संरक्षण होतं. झाड आतून कुजलेलं, अंगावर पडण्याजोगं असेल तरच तोडता येतं. तेव्हा पालिकेनं एक सल्लागार आणला. त्यानं झाडांना भोकं पाडून पाहिली आणि रांग आतून पोकळ असल्याचं लिहून दिलं.

“किती झाडांना भोकं पाडलीस?” स्टेननं त्याला विचारलं होतं.

“प्रातिनिधिक.”

“म्हणजे किती?”

“पुरेशी,” सल्लागार म्हणाला.

स्टेननं पर्यावरण न्यायालयात हरकत घेतली. आपल्याच पालिकेविरुद्ध, निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना. सुनावणी सप्टेंबरात लागली. येस्पर त्याच्याशी आधीपेक्षा जास्त प्रेमानं बोलायला लागला, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते सगळ्यांना कळलं.

“मला काही बोलायचं नाहीये तिथं,” स्टेन गुनेलला म्हणाला. “मी बोललो तर न्यायाधीश झोपेल. मी फक्त फोटो लावणार. एकेक झाड, दर वर्षाचं. कुजलेलं झाड असं दिसत नाही.”

“किती जागा घेतायत रे तुझे फोटो?”

“का? तुला हवीय?”

“मला नेहमीच हवी असते.”

तो हसला. आणि खरंच, जागेची ओढाताण त्या वसंतात फारच झाली होती. एप्रिलमध्ये सगळ्यांची कामं असलेली मोठी डिस्क एकदा पूर्ण अडली. गुनेलनं तिच्यावरचा धोंडा काढला, काम सुरळीत झालं, आणि धोंडा नंतर परत ठेवू असं तिनं ठरवलं. पण धोंडा परत ठेवायला जागा लागते. आणि जागा असती तर तो काढला कशाला असता? आठवडे गेले. मग ती विसरली. पुस्तिकेतली ओळ मात्र होती तिथंच राहिली.

जुलै आला. जुलैमध्ये स्वीडन बंद असतं. आग लागली तर ती ऑगस्टमध्ये विझवू, अशा बेतानं सगळा देश रानातल्या आपापल्या लाकडी खोपटांत जाऊन बसतो. पालिकेत पडद्याकडे बघायला कुणीतरी हवं होतं. तरणतलावही जुलैत बंदच, म्हणून तिथल्या यंत्रांचा केनेट रिकामा होता. त्याला आणून बसवलं. केनेट पन्नाशीचा, ठेंगणा, सांगितलेल्या कामात शब्दाचाही फरक न करणारा.

“मी तिकडे पाण्याची पातळी बघतो, ही डिस्कांची,” तो म्हणाला होता. “वर आली की खाली करायची. एवढंच ना?”

“एवढंच,” गुनेल म्हणाली होती. “पुस्तिकेत सगळं आहे. अडलास तर फोन कर.”

तो अडला तेव्हा गुनेल तळ्याकाठच्या तिच्या खोपटाच्या खिडक्या रंगवत होती. फोनला तिथं फक्त धक्क्याच्या शेवटच्या फळीवर आवाज यायचा, म्हणून ती ब्रश हातात घेऊन पळत तिथं गेली. तांबडा रंग फळ्यांवर ठिबकत होता. डासांनी मानेवर मेजवानी मांडली होती.

“गुनेल, पडदा लाल झालाय.”

“दखल घेतलीस?”

“तीनदा घेतली. परत लाल होतोय. येस्परनं सुट्टीवरून काहीतरी पाठवायला लावलंय, फिल्म आहे म्हणे, ती आत येतच नाहीये. तो फोनवर फोन करतोय.”

“कसली फिल्म?”

“नव्या रस्त्याची. वरून उडत जाऊन काढलेली, त्यात पुढे काय होणार ते दाखवलंय. कंपनीच्या लोकांना उद्या बघायचीय.”

गुनेलनं एक डास मारला. “बरं. पुस्तिका उघड. जागा संपली तर काय लिहिलंय?”

“स्टेन काढावा.”

“मग काढ.”

“शोधतोय... हां. सापडला. एकच दिसतोय.”

“एकच असतो.”

“मोठा आहे गं पण. बराच मोठा.”

“मोठाच असायला हवा. त्यासाठीच तर ठेवलाय.”

“जुना दिसतोय.”

“तुझ्या आधीपासूनचा आहे. केनेट, माझा रंग वाळतोय.”

“यंत्र विचारतंय,” केनेट म्हणाला. तो खरोखर सावध माणूस होता. “नक्की काढू का म्हणतंय. एवढा मोठा असल्यानं कचऱ्यात मावणार नाही, कायमचा जाईल.”

“अरे, धोंडा परत कुणाला हवाय? हो म्हण.”

“हो म्हटलं.” गुनेलनं आणखी एक डास मारला. “गेला. बघ, हिरवा झाला पट्टा. फिल्मपण यायला लागली.”

“शाबास,” गुनेल म्हणाली, आणि खिडकीकडे परतली. संध्याकाळी तिनं तळ्यातला मासा भाजून खाल्ला, नव्या बटाट्यांशी. कामावरचं काही घरी घेऊन न येणारं माणूस म्हणून तिला स्वतःचं जरा कौतुकही वाटलं.

ऑगस्टात माणसं परतली. स्टेन उन्हानं रापलेला, दाढी वाढवलेला, सरळ गुनेलच्या दारात आला.

“माझं फोल्डर कुठं हलवलंस?”

“मी कशाला हलवू?”

“नाहीये.”

“चुकून दुसरीकडे ओढलं असशील. तुझे हात म्हणजे कुऱ्हाड धरणारे. थांब.” तिनं शोधलं. नव्हतं. “बरं, नसू दे. नक्कल आहे दुसऱ्या इमारतीत. कालची आणते, पाच मिनिटं.”

“तू म्हणालीस म्हणजे आहे,” स्टेन म्हणाला आणि खुर्चीत बसला.

कालच्या नकलेत नव्हतं. जूनच्यात नव्हतं. मागच्या वर्षीच्यातही नव्हतं. इतरांची सगळी फोल्डरं होती. कारकुनांच्या कुत्र्यांच्या फोटोंचीसुद्धा नीट नक्कल झालेली. गुनेल मागे मागे जात राहिली, आणि मग तिचा हात थांबला. वगळायच्या गोष्टींची यादी उघडायची गरज नव्हती. त्यात एकच शब्द होता आणि तो तिनंच लिहिला होता.

तिच्या मनातले ते दोन खण एकमेकांत उघडले.

“काय झालं?” स्टेननं विचारलं.

तिनं सांगितलं. धोंडा, एप्रिल, पुस्तिका, धक्क्याची शेवटची फळी, सगळं. सांगताना ती त्याच्याकडे न बघता पडद्याकडे बघत होती. तिथं सगळे पट्टे हिरवे होते.

स्टेननंही पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “केनेटनं विचारलं होतं का? नक्की का म्हणून?”

“विचारलं होतं.”

“आणि?”

“मी हो म्हण म्हटलं.”

“हं,” स्टेन म्हणाला. “चांगला माणूस आहे केनेट.”

पुसलेलं सगळंच लगेच जात नाही. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर खरवडून काही मिळतं. गुनेलनं दोन दिवस खरवडलं. त्या जागेवर येस्परची फिल्म जाऊन बसली होती. उघडून पाहिली तर दफनभूमीचा रस्ता, रुंद, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना आकाश. एकेकाळी माणसं भूर्जाच्या सालीवर पोथ्या लिहून ठेवत. इथं भूर्जांना पुसून त्यांच्या नसण्याची फिल्म ठेवली होती. संगीत छान होतं.

येस्परनं बैठक घेतली. दालचिनीचे बन होते.

“दोषी कोण हे आपल्याला शोधायचं नाही,” तो म्हणाला. “आपण काय शिकलो ते शोधायचं.”

केनेट रडकुंडीला आला होता. “मी दोनदा विचारलं.”

“तू उत्तम काम केलंस, केनेट. अलार्म आला आणि त्याला प्रतिसाद मिळाला. यंत्रणा चालली.” मग येस्परनं आवाज मऊ केला. “गुनेल, न्यायालयानं विचारलंय, की रांगेच्या फोटोंचा संग्रह पालिकेकडे आहे का. तू फक्त शोधायचंस आणि जे सापडेल ते लिहायचंस. खरं तेच. एक शब्द इकडचा तिकडे नको.”

गुनेलनं लिहिलं: ‘पालिकेच्या डिस्कांवर असा संग्रह आढळून आला नाही.’ हे खरं होतं. त्याखाली तिनं आणखी एक वाक्य लिहिलं: संग्रह होता, आणि तो कुणाच्या सांगण्यावरून कसा गेला. तेही खरं होतं. त्या वाक्याकडे ती बराच वेळ बघत बसली. नोकरी जाईल याची भीती नव्हती. पालिकेत नोकरी जायला चुकीपेक्षा मोठं काहीतरी करावं लागतं. भीती हसण्याची होती. धोंडा काढा म्हटल्यावर स्टेनला काढलं! वर्तमानपत्रवाले वर्षभर पुरवून खातील. दुकानात पैसे देताना बाई विचारील, काय गं, आता कुणाला काढलंस? उत्तरेकडचा माणूस थंडी सोसतो, अंधार सोसतो. पण लोक हसले तर गाव सोडतो.

तिनं दुसरं वाक्य काढून टाकलं. यंत्रानं नक्की का म्हणून विचारलंसुद्धा नाही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी स्टेन आला. दारातच उभा राहिला.

“उद्या येशील? फोटो होते एवढं सांगायला. बाकीचं नको सांगूस.”

“विचारलं तर सांगीन,” गुनेल म्हणाली.

“तुला कोण विचारणार? तू तर लिहून दिलंयस.”

त्याला कळलं होतं तर. ती टेबलावरचे कागद सारखे करू लागली, आणि तो फार वेळ थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी ती गेली. शेवटच्या बाकावर बसली. सल्लागारानं आलेख दाखवले. स्टेननं कोट घातला होता, बहुधा कुणाच्या तरी अंत्यविधीचा. तो उठला आणि म्हणाला, “मी ही झाडं दर ऋतूत बघितलीयत. ती चांगली आहेत.”

“त्याला काही आधार?” न्यायाधीश बाईंनी विचारलं. बाई सभ्य होत्या, ऐकायला तयार होत्या. ते जास्त वाईट होतं.

“होता.”

“आता?”

“मी बघितलीयत,” स्टेन पुन्हा म्हणाला. त्याला दुसरं काही येत नव्हतं.

बाईंनी पालिकेच्या बाजूकडे पाहिलं. “फोटोंच्या संग्रहाबद्दल पालिकेकडून आणखी कुणाला काही सांगायचंय?”

“आम्ही लेखी दिलंय,” येस्पर म्हणाला.

बाईंची नजर मागच्या बाकांपर्यंत फिरली. तिथं जरा थांबलीच. गुनेलच्या बुटांना खिडक्यांचा तांबडा रंग अजून लागलेला होता. ती तो दुसऱ्या बुटाच्या टोकानं खरवडत राहिली. स्टेन मागे वळला नाही. वळला असता तर ती उठली असती, असं तिला पुढे कित्येक दिवस वाटत राहिलं. अशा वाटण्याला खर्च येत नाही.

“ठीक,” बाई म्हणाल्या. “अर्जदाराच्या म्हणण्याची दखल घेतली आहे.”

फेब्रुवारीत, पाखरं घरटी करायच्या आधी, झाडं पाडली. नियमानुसार. पाडताना सगळ्यांना दिसलं ते कुणी मोठ्यानं बोललं नाही: बुंधे आतून लोण्याच्या गोळ्यासारखे पांढरेशुभ्र, आणि टणक. पोकळ निघाली ती तीन. ज्यांना सल्लागारानं भोकं पाडली होती, नेमकी ती तीन.

स्टेननं सगळ्या बुंध्यांचे फोटो काढले, बर्फात गुडघे टेकून. मग एके सकाळी तो कॉफीच्या खोलीत आला. सुनावणीनंतर तो कॉफी आपल्या गाडीत बसून प्यायचा, त्यामुळे त्याला पाहून गुनेल खुर्चीवरून अर्धी उठली.

“जागा आहे का गं सर्व्हरवर?”

“आहे,” ती घाईनं म्हणाली. “भरपूर आहे आता. कंपनीनं पालिकेला नव्या डिस्का भेट दिल्यात. हव्या तेवढ्या. तुझं फोल्डर लगेच करून देते, दुसऱ्या नावानं, नकलेची सोय मी स्वतः—”

“नको. नुसतं विचारलं,” स्टेन म्हणाला. त्यानं कॅमेरा कोटाच्या खिशात ठेवला आणि वरून खिशाचं बटण लावलं.

जूनमध्ये रस्ता पुरा झाला. पालिकेला गेलेल्या झाडांची आठवण ठेवायची होती. तशी ती झाडं जाईपर्यंत कुणाला फार येत नसे. येस्पर गुनेलच्या दाराशी आला.

“गुनेल, स्मारकाच्या पाटीवर लावायचा होता. त्या रांगेचा एखादा जुना फोटो असेल का आपल्याकडे?”

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच हवा होता.

“आढळून येत नाही,” ती म्हणाली.

मग फोटोऐवजी चित्र काढून घेतलं. चित्रकार दक्षिणेकडचा होता. त्यानं भूर्जांऐवजी ओक काढले.

उद्घाटनाला बरंच गाव लोटलं. तंबू, कॉफी, हिरव्या वेष्टनाचा मलईचा केक. स्टेन त्याच महिन्यात निवृत्त होत होता, म्हणून त्यालाही बोलावलं होतं. एका खर्चात दोन कामं. येस्परनं आठवणींच्या महत्त्वावर भाषण केलं आणि चादर ओढली.

खाली धोंडा होता. पुरुषभर उंचीचा, करडा, रस्ता खणताना निघालेला, एका अंगाला घासून त्यावर पितळी पाटी बसवलेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. केनेटनं वाजवल्या नाहीत; त्यानं टोपी काढली.

केकच्या रांगेत गुनेलच्या शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. तिनं न बघताच ओळखलं. दोघं जरा वेळ त्या धोंड्याकडे बघत राहिले. तो चांगला बसवला होता, हलला नसता.

“ठेवलास की गं शेवटी परत,” स्टेन म्हणाला.

आवाजात राग नव्हता. ती कॉफीच्या टेबलावरची त्यांची जुनी थट्टाच होती, तशीच, त्याच सुरात. गुनेलनं उत्तराऐवजी केकची एक बशी त्याच्यापुढे धरली.

स्टेननं मान हलवली, म्हणजे दखल घेतली, आणि केकची बशी न घेताच नव्या रस्त्यानं चालू लागला. रस्त्यावर आता सावली कुठंच नव्हती, त्यामुळे तो जाताना बराच लांबपर्यंत दिसत राहिला.